प्रदर्शनातील दिशादर्शन

प्रदर्शनातील दिशादर्शन म्हणजे प्रेक्षकाला प्रवेशद्वारापासून अखेरच्या दालनापर्यंत कोणालाही न विचारता जाता यावे, यासाठी केलेली फलक, नकाशे, रंग व चिन्हे यांची योजना होय. बोधचिन्ह, अक्षरवळण आणि रंगसंगती मिळून प्रदर्शनाची दृश्य ओळख तयार होते. दिशादर्शन हे त्याच ओळखीचे जागेत उतरलेले रूप असते. हा उपयोजित कलेचा विषय आहे.

विद्यार्थ्यांची कला प्रदर्शने बहुधा वर्गखोल्या, व्हरांडे व सभागृहे मोकळी करून भरविली जातात. या जागा मुळात प्रदर्शनासाठी बांधलेल्या नसतात. त्यामुळे वरच्या मजल्यावरील टोकाच्या खोलीपर्यंत प्रेक्षक पोहोचला नाही, तर तेथील विद्यार्थ्याचे वर्षभराचे काम न पाहिलेलेच राहते.

पार्श्वभूमी

अमेरिकी नगररचनाकार केव्हिन लिंच यांनी 'द इमेज ऑफ द सिटी' (१९६०) या ग्रंथात मार्ग, सीमा, विभाग, संगमस्थळे व ठळक खुणा या पाच घटकांच्या आधारे माणूस शहराचे चित्र मनात रचतो, असे मांडले. नागपुरात पत्ता सांगताना झिरो माइल स्तंभ ही ठळक खूण, तर व्हरायटी चौक हे संगमस्थळ ठरते. भाषेवर अवलंबून नसलेल्या चिन्हचित्रांना टोकियो (१९६४) व म्युनिक (१९७२) येथील ऑलिंपिक स्पर्धांमुळे जगभर मान्यता मिळाली.

महाराष्ट्रात मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १९३५ साली व्यावसायिक कलेचा विभाग सुरू झाला. नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयातही उपयोजित कला शिकविली जाते. कला संचालनालयाच्या राज्य कला प्रदर्शनात विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र विभाग असतो.

आखणी

प्रथम रिकाम्या जागेतून चालून प्रेक्षक जेथे थबकेल अशी ठिकाणे, म्हणजे फाटक, जिना, व्हरांड्याचे वळण, नकाशावर नोंदवितात. फलक याच ठिकाणी लागतात. इतरत्र लावलेले फलक गर्दीच वाढवितात. एका फलकावर त्या वळणापुरतीच माहिती द्यावी. 'आपण येथे आहात' हा नकाशा प्रेक्षक ज्या दिशेला तोंड करून उभा असेल, त्या दिशेनेच लावावा. अन्यथा उजव्या-डाव्याचा घोटाळा होतो. दालनाचे नाव पत्रिका, नकाशा व दारावरील पाटी येथे अक्षरशः एकच असावे. उद्घाटनापूर्वी ती वास्तू न पाहिलेल्या व्यक्तीला चालवून पाहणे ही खरी चाचणी होय.

देवनागरीचे प्रश्न

देवनागरीत वेलांटी, मात्रा व रफार शिरोरेखेच्या वर, तर उकार अक्षराखाली येतात. रोमन लिपीसाठी ठरविलेले ओळींमधील अंतर येथे अपुरे पडते आणि मात्रा वरच्या ओळीला भिडतात. जाड वळणात जोडाक्षरांतील पोकळ्या बुजतात. दुभाषी फलकावर दोन्ही लिप्यांचा आकडेमोडीतील आकार सारखा ठेवल्यास देवनागरी पुष्कळदा लहान दिसते. म्हणून आकार डोळ्यांनी जुळवावा लागतो. सुलेखनकार र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी संगणकासाठी 'मंगल' हा देवनागरी टंक तयार केला. 'मुक्त' हा मुक्त परवान्याचा टंक आज विनामूल्य उपलब्ध आहे.

रंग व सुगम्यता

नागपूर मेट्रोच्या ऑरेंज व अ‍ॅक्वा या मार्गिका सीताबर्डी येथे एकत्र येतात. तेथे रंगालाच नाव असल्याने प्रवाशाला मार्गिका लक्षात ठेवणे सोपे जाते. दालनांनाही असे रंग देता येतात. मात्र काहींना लाल-हिरवा भेद दिसत नाही. म्हणून रंगासोबत क्रमांक किंवा नाव आवश्यक असते. फलक व पार्श्वभूमी यांत गडद-फिक्याचा स्पष्ट फरक असावा. चाकाच्या खुर्चीवरून वाचता येईल अशी उंची आणि जिन्याला पर्यायी असलेल्या उताराचा निर्देश प्रवेशद्वारापाशीच हवा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सार्वजनिक जागांच्या सुगम्यतेची तरतूद आहे.