फिरती ऑपरेटिंग सिस्टीम आणि मराठी लेखन : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

१८५७ च्या उठावाची आठवण जपणारा काळा चबुतरा ज्या क्रांती चौकात आहे, त्या चौकाच्या नावातील शब्द संगणकाविषयी लिहिताना फार स्वस्तात वापरला जातो. प्रस्तुत लेखाचा विषय त्या मानाने लहान आहे. संगणकाच्या हार्ड डिस्कला हात न लावता सीडी किंवा पेन ड्राइव्हवरून ऑपरेटिंग सिस्टीम सुरू करण्याची पद्धत, स्वतःचा संगणक नसलेल्या मराठी विद्यार्थ्याच्या दृष्टीने कितपत उपयोगी होती, याचा येथे विचार केला आहे.

विषय विवेचन :

२००० नंतरच्या दशकात औरंगाबादेत (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) अनेक विद्यार्थी सायबर कॅफेत किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत संगणक वापरीत. एका ठिकाणी श्रीलिपीत टंकलिखित केलेला मजकूर, तो फॉन्ट नसल्यास, दुसऱ्या ठिकाणी निरर्थक चिन्हांच्या रूपात दिसे. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्थान होते. तथापि विंडोज एक्सपीत भारतीय लिप्यांची सोय मुळात बंद असे. ती सुरू करण्यास मूळ सीडी व प्रशासकाचा अधिकार लागे, आणि विद्यार्थ्याकडे यांपैकी काहीच नसे. अडचण मुख्यतः परवानगीची होती, हे तांत्रिक इतिहासात सहसा नोंदविले जात नाही.

सीडीवरून संगणक सुरू करण्याचे 'एल टोरिटो' हे मानक १९९५ मध्ये आले. परंतु प्रत्येक संगणकाचे सुटे भाग निराळे असतात. एका यंत्रावर बसविलेली विंडोज दुसऱ्या यंत्राला जोडली, तर डिस्कचा योग्य ड्रायव्हर न सापडल्याने ती बहुधा निळ्या पडद्यावर थांबे. जर्मनीतील क्लाउस क्नॉपर यांच्या क्नॉपिक्सने (२०००) वेगळा मार्ग धरला. सुरू होताना ती प्रत्येक वेळी समोरचे यंत्र नव्याने तपासून त्यास लागणारे ड्रायव्हर भरीत असे. दाबून साठविल्यामुळे ७०० एमबीच्या सीडीत सुमारे २ जीबीचे सॉफ्टवेअर मावे. पुढे उबुंटूच्या सीडी 'शिपइट' योजनेतून २०११ पर्यंत टपालाने विनामूल्य मिळत. सी-डॅकने २००७ मध्ये डेबियनवर आधारित 'बॉस लिनक्स' भारतीय भाषांसह आणली. अशा सीडीत देवनागरी फॉन्ट व कळफलक सोबतच असतील, तर परक्या यंत्रावरही मराठी लिहिता येई.

मात्र सीडीवर काही लिहिता येत नसे. संगणक बंद केला की टंकलिखित मजकूर पुसला जाई. तो आठवणीने अन्यत्र साठवावा लागे. पेन ड्राइव्हमुळे ही उणीव बरीच दूर झाली, कारण त्याचा एक भाग वापरकर्त्याच्या फाइल्स व सेटिंग्जसाठी राखून ठेवता येतो.

परवानगीचा प्रश्न मात्र सुटला नाही. सीडीवरून सुरुवात करण्यासाठी बायोसमधील क्रम बदलावा लागे, आणि तेथे संकेतशब्द असल्यास मार्ग खुंटे. कॅफेचालकाचा नकार केवळ आडमुठेपणाचा म्हणता येणार नाही. २०११ च्या सायबर कॅफे नियमांनुसार वापराच्या नोंदी किमान एक वर्ष जपणे त्याच्यावर बंधनकारक झाले. ग्राहकाने स्वतःची प्रणाली चालविली, तर त्याचे नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर सुरूच होत नाही.

२०१२ मध्ये विंडोज ८ सोबत 'सिक्युअर बूट' प्रचारात आले व स्वाक्षरी नसलेली प्रणाली सुरू होण्यास अटकाव झाला. त्याच वर्षीची मायक्रोसॉफ्टची 'विंडोज टू गो' ही पेन ड्राइव्हवरील सोय २०२० मध्ये काढून टाकण्यात आली. उबुंटूने २०१२ मध्येच, तर डेबियनने २०१९ मध्ये स्वाक्षरीची व्यवस्था केली. स्वाक्षरी नसलेल्या लहान प्रणालींसाठी सिक्युअर बूट बंद करावे लागते, आणि ते बंद करण्याचा पर्यायही यंत्राच्या मालकाने लावलेल्या संकेतशब्दामागे असू शकतो.