साखळीतून तक्त्यांकडे

संगणकाच्या सुरुवातीच्या काळात प्रत्येक कामाची फाइल वेगळी असे. पगाराच्या फाइलीत कर्मचाऱ्याचा पत्ता बदलला, तरी भविष्य निर्वाह निधीच्या फाइलीत जुनाच राही. हा घोळ मिटवण्यासाठी डेटाबेस व्यवस्थापन प्रणाली, म्हणजेच डीबीएमएस, पुढे आली.

१९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात जनरल इलेक्ट्रिकमध्ये चार्ल्स बाकमन यांनी ‘आयडीएस’ उभारली. अपोलो मोहिमेच्या सुट्या भागांची अवाढव्य यादी सांभाळण्यासाठी आयबीएमने ‘आयएमएस’ तयार केली; ती १९६८ मध्ये सुरू झाली. आयएमएसमधील नोंदी वंशावळीसारख्या मांडलेल्या असत, तर आयडीएसमध्ये त्या पॉइंटरनी, म्हणजे पुढच्या नोंदीची जागा सांगणाऱ्या खुणांनी, एकमेकींना जोडलेल्या असत. दोन्हींत हव्या त्या नोंदीपर्यंतची वाट प्रोग्रामरलाच ठाऊक असावी लागे. मांडणी बदलली की प्रोग्रामही नव्याने लिहावे लागत.

आयबीएमच्याच सॅन होजे प्रयोगशाळेतील एडगर कॉड यांनी १९७० मधील शोधनिबंधात या अडचणीवर उपाय सुचवला. संचसिद्धान्ताच्या आधाराने त्यांनी सगळी माहिती साध्या तक्त्यांत मांडली. कर्मचाऱ्यांच्या तक्त्यात विभागाचा फक्त क्रमांक असतो. विभागाचे नाव आणि गाव दुसऱ्या तक्त्यात एकदाच नोंदलेले असते. ‘पुण्यातील विभागांचे कर्मचारी’ हवे असतील, तर क्रमांक जुळवून दोन्ही तक्ते जोडले जातात. काय हवे ते माणसाने सांगायचे. ते कोणत्या वाटेने शोधायचे हे प्रणालीने ठरवायचे. रिलेशनल प्रणालीचे, म्हणजे आरडीबीएमएसचे, हे मर्म होय.

अशी प्रणाली संथ चालेल, हा मुख्य आक्षेप होता. आयबीएमची ‘सिस्टिम आर’ आणि बर्कली विद्यापीठातील ‘इन्ग्रेस’ या प्रकल्पांनी तो खोडून काढला. सिस्टिम आरमधून एसक्यूएल ही माहिती मागण्याची भाषा आली. १९७९ मध्ये ओरॅकल ही रिलेशनल प्रणाली बाजारात आली, १९८३ मध्ये आयबीएमची डीबी२. १९८६ मध्ये एसक्यूएल अमेरिकेत प्रमाण ठरली.

‘रिलेशनल’ हे बिरुद मग कोणीही लावू लागले, तेव्हा कॉड यांनी १९८५ मध्ये त्यासाठी कसोट्या जाहीर केल्या. महाराष्ट्रातील संगणक वर्गांत शिकवले जाणारे डीबेस हे सॉफ्टवेअर त्यांत बसत नव्हते: माहिती तक्त्यात असली, तरी ‘सीक’ या आज्ञेने नोंद गाठून ‘स्किप’ने पुढे सरकण्याचे काम प्रोग्रामरकडेच होते.

जुनी पद्धत मात्र पुरती मोडीत निघाली नाही. वाट आधीच ठरलेली असेल, तिथे ती वेगवान ठरते. म्हणूनच मोठ्या बँकांत आयएमएस अजूनही चालते.