लेकुरवाळीची वेदना

राजेरजवाड्यांच्या लढायांचा इतिहास आपण आवडीनें ऐकतों. परंतु मनुष्याच्या वेदनेलाहि इतिहास आहे, आणि त्याचें एक पान हैदराबादेंत लिहिलें गेलें आहे. १९४८ पर्यंत आपला बीड जिल्हा निजामाच्या त्याच संस्थानाचा भाग होता. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या आजच्या स्त्रीची वेदना समजून घ्यावयाची, तर त्या पानापासूनच आरंभ करणें सोयीचें होईल.

१८४६ सालीं अमेरिकेंतील बोस्टन शहरीं ईथरची भूल देऊन जाहीर शस्त्रक्रिया झाली. पुढच्याच वर्षीं एडिंबरोच्या सिम्प्सननें क्लोरोफॉर्म प्रचारांत आणलें. प्रसूतीच्या कळा शमवाव्या कीं नाहीं, यावर तेव्हां वाद माजला. सोसणें हेंच स्त्रीचें प्राक्तन, असें मानणारेहि होते. १८५३ सालीं खुद्द राणी व्हिक्टोरियानें बाळंतपणांत क्लोरोफॉर्म घेतलें, आणि या आक्षेपाची धार बोथट झाली.

मात्र क्लोरोफॉर्मनें मधूनच एखादा रोगी दगावे. त्याचें हृदय आधीं थांबतें कीं श्वास, याचा निर्णय करण्यासाठीं हैदराबादचे सर्जन एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकारानें १८८८ व १८८९ सालीं दोन चौकशी-मंडळें बसलीं. दुसऱ्या मंडळासाठीं निजाम मीर महबूब अलीखान यांनीं १००० पौंड दिले व इंग्लंडहून डॉक्टर लॉडर ब्रंटन आले. शेंकडों प्राण्यांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष निघाला कीं, श्वासावर लक्ष ठेवा, म्हणजे भय नाहीं. पुढें १९११ मध्यें गुडमन लेव्ही यांनीं दाखवून दिलें कीं, हलक्या भुलींत हृदयहि एकाएकी बंद पडूं शकतें. निष्कर्ष अपुरा ठरला. परंतु भूल दिलेल्या माणसावरची नजर ढळतां कामा नये, हा धडा टिकला. हैदराबादच्याच वैद्यकीय शाळेंत शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी हें काम करीत. जगांतील पहिल्या भूलतज्ज्ञ स्त्रियांत त्यांची गणना होते.

आतां आपल्या काळाकडे वळूं. १९५२ सालीं सरकारनें कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम आरंभिला. आणीबाणींत पुरुषांवर सक्ती झाली. तिच्या प्रतिक्रियेनें पुढें सारा भार स्त्रियांवर आला. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणींत शस्त्रक्रिया झालेल्या विवाहित स्त्रिया शंभरांत सुमारें ३८ आढळल्या. पुरुष-नसबंदीचें प्रमाण हजारांत तीन एवढेंच होतें.

आपल्याकडे या शस्त्रक्रियेचे दोन प्रकार बोलण्यांत आहेत: एक 'टाक्याची' व दुसरी दुर्बिणीची, म्हणजे 'बिनटाक्याची'. बाई त्याच दिवशीं घरीं जावयाची असली, कीं बहुधा पूर्ण बेशुद्धी न देतां लिग्नोकेनचें इंजेक्शन देऊन पोटाचा तेवढाच भाग बधिर करतात. हा मार्ग अधिक निर्धोक खरा. परंतु त्याची मर्यादा ओळखली पाहिजे. इंजेक्शनाचा गुण येण्यास कांहीं मिनिटें लागतात. तेवढें न थांबतां चिरा दिला, तर बाईला तो कळतो. शिवाय कातडी बधिर झाली, तरी आंतली गर्भनलिका बधिर होत नाहीं. तिच्यावर कडें चढवितांना पोटांत कळ येते. दुर्बिणीसाठीं पोटांत भरलेल्या वायूमुळें खांदाहि दुखतो, आणि 'ऑपरेशन पोटाचें, मग दुखणें खांद्याला कसें?' म्हणून बाई घाबरते.

यावर उपाय आहेत. आधीं वेदना व भीति शमविणारें औषध शिरेवाटे देतां येतें. नलिकेवर बधिर करणारे थेंब टाकतां येतात. नंतर वेदनाशामक गोळ्या देतां येतात. मात्र शिरेंतील औषधानें श्वास मंदावूं शकतो. म्हणून नाडी व श्वास पाहणारा स्वतंत्र माणूस जवळ हवा. हैदराबादचा धडा येथें पुनः उपयोगीं पडतो.

तेव्हां उणीव औषधाची नसून सवडीची आहे. नोव्हेंबर २०१४ मध्यें छत्तीसगढांतील बिलासपूर जिल्ह्यांत एकाच डॉक्टरनें कांहीं तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया केल्या. तेथील शिबिरांनंतर १३ स्त्रिया दगावल्या. २०१६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अशीं शिबिरें तीन वर्षांच्या आंत बंद करण्यास सांगितलें. जेथें रांग लागलेली असते, तेथें इंजेक्शनाचा गुण येईपर्यंत कोण थांबणार? आणि 'दुखतें का?' हें कोण विचारणार?

बीडची घाई आणखी निराळी. येथून हजारों जोडपीं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. निघण्यापूर्वीं शस्त्रक्रिया उरकावयाची आणि लगेच मोळी उचलावयाची, असें झालें तर जखम भरणार कधीं? डॉक्टरांनीं सांगितलेले विश्रांतीचे दिवस हाहि औषधाचाच भाग आहे.

शहरांतल्या सुशिक्षित घरांनींहि येथें 'आमच्यांत असें नाहीं' म्हणूं नये. सोसणाऱ्या बाईचें कौतुक आपल्या सर्वच घरांत होतें, आणि त्या कौतुकामुळेंच ती बोलत नाहीं. आपल्या घरची मुलगी, सून किंवा घरकामाला येणारी बाई या शस्त्रक्रियेसाठीं निघाली, तर तिच्याबरोबर जाणाऱ्यानें आधींच विचारावें: भूल कोणती देणार? इंजेक्शनानंतर किती वेळ थांबणार? नाडीवर लक्ष कोण ठेवणार? घरीं दुखलें तर गोळी कोणती? आणि टेबलावर दुखूं लागलें, तर तसें स्पष्ट सांगण्याचा तिला हक्क आहे, हेंहि तिला निघण्यापूर्वींच सांगून ठेवावें.