मोजणाराचा डोळा आणि विजेचा ठोका

उभा जन्म मी शिक्षकाचा धंदा केला आणि त्यांत मोजणीचा एक कडू अनुभव पदरीं पडला. एकदां सहलीस चाळीस मुलें नेलीं होतीं. परततांना मीं शिरगणती केली, ती बरोबर चाळीस भरली. वस्तुतः मुलें एकोणचाळीसच होतीं. एक जण मागें देवळाच्या ओवरींत झोंपून राहिला होता. चाळीस भरावयास पाहिजेत हें मला ठाऊक होतें, म्हणून ते भरले! मुलगा तासाभरांत सुखरूप सांपडला, ही देवाची कृपा. हीच चूक एकदां एका नामांकित प्रयोगशाळेंत घडली, आणि मोजणीचें काम मनुष्याच्या डोळ्याकडून विजेकडे जाण्यास जीं कारणें झालीं, त्यांत तिची गणना करावी लागते.

इ. स. १९०८ मध्यें मँचेस्टर येथें रदरफर्ड व त्यांचे सहकारी गायगर यांनीं किरणोत्सर्गी पदार्थांतून निघणारे आल्फा कण विजेच्या साहाय्यानें एकेक करून मोजले. विरळ वायूच्या नळींत मधोमध एक तार, आणि दोहोंमध्यें मोठा विद्युद्दाब. कण आंत शिरला कीं विजेचा एक ठोका, ज्यास इंग्रजींत पल्स म्हणतात, उत्पन्न होई आणि मापकाचा कांटा हाले. पण कांटा मंद. मिनिटाला तीन ते पांच कणांपलीकडे त्याची मजल जाईना. म्हणून पुढें पुष्कळ वर्षें दुसरीच रीत चालली. झिंक सल्फाइडच्या पडद्यावर कण आपटला म्हणजे बारीक चमक दिसते. अर्धा तास काळोखांत बसावें, डोळे सरावले म्हणजे सूक्ष्मदर्शकांतून चमका मोजाव्या, आणि थोड्याच वेळांत डोळा शिणला कीं दुसऱ्यास जागा द्यावी.

१९२० नंतरच्या दशकांत केंब्रिजची कॅव्हेंडिश प्रयोगशाळा व व्हिएन्नाची रेडियम संस्था यांच्यांत वाद माजला. आल्फा कणांच्या माऱ्यानें कार्बनासारखीं मूलद्रव्येंही फुटतात, असें व्हिएन्नाचे पेटरसन व कीर्श म्हणत. केंब्रिजला तें दिसेना. १९२७ च्या डिसेंबरांत चॅडविक स्वतः व्हिएन्नास गेले. तेथें मोजणीस तरुण स्त्रिया बसत. पडद्यासमोर काय मांडलें आहे हें त्यांना कळूं न देतां चॅडविकनीं मोजणी करविली, आणि व्हिएन्नाचे जादा आकडे नाहींसे झाले! त्या स्त्रियांवर अप्रामाणिकपणाचा आरोप कोणीं करूं नये. काय दिसावयास पाहिजे हें ज्याला आधींच सांगितलें, त्याचा डोळा तेंच पाहतो, मला विचारा. सौजन्यापोटीं तो निकाल त्या वेळीं छापलाही गेला नाहीं. पण डोळ्यावरचा विश्वास उडाला तो उडालाच.

विजेला कसलीच अपेक्षा नसते. तिची अडचण निराळी. व्हॉल्व्हच्या योगानें ठोका मोठा करून त्यावर यांत्रिक गणक चालवितां येई. पण हे कण तालावर येत नाहींत. दोन कण अगदीं पाठोपाठ आले कीं गणकाचें चाक एकच मोजी. केंब्रिजमधील तरुण शास्त्रज्ञ विन्-विल्यम्स यांनीं १९३२ मध्यें यावर प्रसिद्ध केलेली युक्ति मला फार आवडते. त्यांनीं थायरॅट्रॉन नांवाचे वायूनें भरलेले व्हॉल्व्ह जोडीजोडीनें लावले. एका ठोक्यानें जोडींतील एक पेटे. दुसऱ्यानें तो विझून त्याचा जोडीदार पेटे. आणि दर दोन ठोक्यांस एकच ठोका पुढील जोडीकडे जाई. अशा पांच जोड्या लावल्या म्हणजे बत्तीस ठोक्यांमागें एकच ठोका यांत्रिक गणकापर्यंत पोंचतो. वरचे सुटे ठोके, कोणते व्हॉल्व्ह पेटलेले आहेत त्यावरून वाचावयाचे.

हेंच निम्में करण्याचें तत्त्व पुढें नखाएवढ्या सिलिकॉनवर उतरलें. आय. बी. एम. कंपनीच्या १९८१ च्या वैयक्तिक संगणकांत इंटेलचा ८२५३ हा कालगणक होता. त्यांत तीन गणक, आणि प्रत्येकाची धांव ६५,५३६ पर्यंत. त्याला संख्या व वागण्याचा प्रकार लिहून देतां येतो. मग दर ठोक्याला एक वजा करीत तो शून्यावर आला कीं इषारा देतो. त्या संगणकांत त्याला सेकंदाला सुमारें ११,९३,१८२ ठोके मिळत.

अशा गणकानें मोजमाप कसें करावें? आपल्या घरची वीज सेकंदाला ५० आवर्तनें करते. सेकंदभर आवर्तनेंच मोजलीं, तर एकाची चूक म्हणजे शेंकडा दोन. उलट, एका आवर्तनाच्या अवधींत घड्याळाचे ठोके मोजले तर ते सुमारें २३,८६४ भरतात. तेथें एकाची चूक क्षुल्लक होय. ठोके जलद असतील तर ठोके मोजावे, सावकाश असतील तर त्यांमधील काळ मोजावा.

यंत्रालाही खोड आहेच. संगणक ८२५३ मधील संख्या दोन तुकड्यांत वाचतो. धाकटा तुकडा आधीं, थोरला मागाहून. थोरल्यांतील एक म्हणजे २५६. गणकांत २५६ असतांना धाकटा तुकडा शून्य वाचला, आणि तेवढ्यांत एक ठोका पडून २५५ उरले, तर थोरलाही शून्यच मिळतो. उत्तर हातीं येतें शून्य! म्हणून वाचण्यापूर्वीं त्या क्षणाच्या संख्येची नक्कल बाजूस धरून ठेवण्याची आज्ञा गणकास द्यावी लागते. आंत मोजणी चालूच राहते आणि संगणक ती स्थिर नक्कल सावकाश वाचून घेतो.