सूर्याच्या गाभ्यातील अभिक्रियेचे दिल्लीतील मापन

नवी दिल्ली : सरोजिनी नगरच्या बाजारपेठेपासून दक्षिणेकडे काही किलोमीटरांवर, अरुणा असफ अली मार्गावर, आंतरविद्यापीठ त्वरक केंद्र आहे. १९८४ मध्ये ‘न्यूक्लियर सायन्स सेंटर’ या नावाने स्थापन झालेल्या या केंद्रात सुमारे साडेसव्वीस मीटर उंचीची पोलादी टाकी उभी आहे. तिच्या आतील ‘पेलेट्रॉन’ हा त्वरक सुमारे दीड कोटी व्होल्टच्या विद्युतदाबाने आयनांना वेग देतो. सूर्याच्या गाभ्यातील एका अभिक्रियेचा दर ठरवण्यासाठी येथे झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले.

या अभिक्रियेत बेरिलियम-७ चे अणुकेंद्र एक प्रोटॉन सामावून घेते आणि बोरॉन-८ तयार होते. सूर्याच्या ऊर्जेत तिचा वाटा नगण्य आहे. तथापि बोरॉन-८ च्या ऱ्हासातून उच्च ऊर्जेचे न्यूट्रिनो बाहेर पडतात. रेमंड डेव्हिस यांनी अमेरिकेतील होमस्टेक खाणीत १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून मोजलेले न्यूट्रिनो प्रामुख्याने हेच होते आणि ते अपेक्षेच्या सुमारे एक तृतीयांशच भरले. अपेक्षित संख्या या अभिक्रियेच्या दरावरच अवलंबून असल्याने चूक सूर्याच्या गणितात, प्रयोगशाळेतील मापनात की न्यूट्रिनोंच्या आकलनात, असा प्रश्न उभा राहिला. न्यूट्रिनो वाटेत आपला प्रकार बदलतात, हे कॅनडातील सडबरी वेधशाळेने २००१-०२ मध्ये दाखवून दिले. त्यानंतर अभिक्रियेच्या दराचे महत्त्व उलट वाढले. गाभ्याचे तापमान एक टक्क्याने वाढले, तर हे न्यूट्रिनो २० टक्क्यांहून अधिक वाढतात. त्यामुळे दर नेमका ठाऊक असल्यास न्यूट्रिनो मोजून सूर्याच्या अंतरंगातील तापमान सांगता येते.

अडचण मापनाचीच आहे. सूर्याच्या गाभ्यात सुमारे दीड कोटी केल्विन तापमान असूनही तेथील कणांची ऊर्जा अणुकेंद्रांमधील विद्युत प्रतिकर्षण ओलांडण्यास फारच अपुरी ठरते. पुंजभौतिकीय बोगदा-परिणामामुळे क्वचित एखादी जोडी एकत्र येते. सूर्यातील कणांच्या प्रचंड संख्येमुळे हे क्वचितपण खपून जाते. प्रयोगशाळेत मात्र अशा घटना वैश्विक किरणांच्या गोंगाटात हरवतात. म्हणून अधिक ऊर्जेला मापन करून खालच्या ऊर्जेचा अंदाज बांधावा लागतो. त्यात बेरिलियम-७ किरणोत्सारी असून त्याचे अर्धायुष्य अवघे ५३ दिवसांचे आहे.

दिल्लीतील संशोधकांनी आडवळणाचा मार्ग निवडला. पेलेट्रॉनमधील लिथियम-७ चा झोत पॉलिथिनच्या पातळ पापुद्र्यावर सोडण्यात आला. पॉलिथिनमधील हायड्रोजनशी टक्कर होऊन बेरिलियम-७ तयार झाले. ते मूळ झोतातून वेगळे काढण्याचे काम ‘हेवी आयन रिॲक्शन ॲनालायझर’ने केले, इंग्रजी आद्याक्षरांमुळे या उपकरणाला ‘हिरा’ असे अस्सल देशी नाव मिळाले आहे. हा बेरिलियमचा झोत पुढे जड हायड्रोजनयुक्त प्लॅस्टिकवर आदळवला गेला. जड हायड्रोजनने आपला प्रोटॉन बेरिलियमला दिला की बोरॉन-८ बनते. अशा घटनांच्या प्रमाणावरून बोरॉन-८ च्या बाह्य कडेला प्रोटॉन कसा बांधला गेला आहे हे कळते आणि त्यावरून सूर्यातील दर काढता येतो. या पद्धतीत सैद्धांतिक गृहीतकांचा आधार घ्यावा लागतो, ही तिची मर्यादा. मिळालेला आकडा थेट मापनांशी जुळला. अनिश्चितता मात्र त्यांच्यापेक्षा अधिक होती. तरीही स्वतंत्र मार्गाने तेच उत्तर येणे हे या क्षेत्रात मोलाचे मानले जाते.

एका दराची दुरुस्ती किती दूरवर पोहोचते, हे इटलीतील ग्रान सासो येथे दिसले. तेथे सुमारे १४०० मीटर खडकाखाली, वैश्विक किरणांपासून बचाव करून, नायट्रोजन-१४ व प्रोटॉन यांच्या अभिक्रियेचे मापन झाले. दर पूर्वीच्या मानाने सुमारे निम्मा निघाला आणि आकाशगंगेतील सर्वांत जुन्या तारकागुच्छांचे अनुमानित वय ७० ते १०० कोटी वर्षांनी वाढले.

कार्बन-१२ आणि हीलियम यांच्यापासून ऑक्सिजन बनवणारी अभिक्रिया अद्याप ताऱ्यांमधील ऊर्जेला मोजता आलेली नाही. विश्वातील कार्बन आणि ऑक्सिजन यांचे प्रमाण तिच्यावर ठरते. कोलकात्याच्या साहा अणुकेंद्रीय भौतिकी संस्थेत अशाच खगोलभौतिकीय अभिक्रियांच्या अभ्यासासाठी ‘फ्रेना’ हा ३० लाख व्होल्टचा त्वरक उभारण्यात आला आहे.