वेळ कुणाच्या हातात?

लेस्टरमध्ये माझ्यासारख्या पोस्टडॉकचं आयुष्य मुलाखतींच्या हिशेबात चालतं. करार दोन वर्षांचा, फार तर तीन. व्हिसा त्या कराराला बांधलेला. तो संपायच्या आत पुढची जागा मिळवायची, म्हणून दिसेल त्या जाहिरातीला अर्ज करायचा. नशिबानं बोलावणं आलं की हल्ली सोबत एक तक्ता येतो: बुधवारी सकाळी सव्वानऊ, साडेअकरा, साडेबारा, दुपारी दोन, पावणेचार. यांपैकी सोयीची वेळ कळवा. मग खल सुरू. सगळ्यांत आधी गेलं तर समिती ताजीतवानी असते, पण संध्याकाळपर्यंत आपलं नाव कुणाच्या लक्षात राहणार? जेवणाआधी गेलं तर ते भुकेले, जेवणानंतर गेलं तर पेंगुळलेले. शेवटची वेळ घ्यावी तर त्यांच्या मनात कुणीतरी आधीच ठरलेलं असतं.

मागच्या खेपेला मला दोन सल्ले एकाच दिवशी आले. मावशीनं पुण्याहून राहुकाळाचा तक्ता पाठवला आणि खाली लिहिलं, "तुझा विश्वास नसला तरी चालेल, पण बारा ते दीड टाळ गं." शेजारच्या टेबलावरच्या मानसशास्त्रातल्या सहकाऱ्यानं एक शोधनिबंध पाठवला आणि म्हणाला, काहीही कर, पण जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावरची वेळ घेऊ नकोस. दोघांनी मिळून साडेबाराची वेळ बाद केली.

आधी मावशीचा तक्ता पाहू, कारण त्यातलं गणित मजेदार आहे. राहुकाळ म्हणजे सूर्योदय ते सूर्यास्त या काळाच्या आठ भागांपैकी एक. कोणत्या वारी कितवा भाग, ते ठरलेलं असतं; सोमवारी दुसरा, बुधवारी पाचवा, गुरुवारी सहावा. दिवस सकाळी सहा ते संध्याकाळी सहा धरला की एकेक भाग दीड तासाचा होतो आणि बुधवारचा राहुकाळ बारा ते दीड येतो. फ्रिजवर चिकटवायचे तक्ते या हिशेबावर छापलेले असतात. पुण्यात ते थोडंफार खपून जातं. लेस्टरमध्ये जूनच्या अखेरीस सूर्य पावणेपाचच्या आत उगवतो आणि रात्री साडेनऊला मावळतो. दिवस जवळजवळ सतरा तासांचा, म्हणजे एक भाग दोन तासांहून मोठा. बुधवारचा राहुकाळ मग दुपारी एक वाजून गेल्यावर सुरू होतो आणि तीन वाजून गेल्यावर संपतो. डिसेंबरात दिवस पावणेआठ तासांहूनही लहान, भाग तासाभरापेक्षा कमी, आणि राहुकाळ साधारण बारा ते एक. थोडक्यात, मावशीच्या तक्त्यानुसार जूनमध्ये दुपारी दोनला निर्धास्तपणे गेलेली मुलगी इथल्या सूर्याच्या हिशेबानं राहुकाळाच्या ऐन मध्यात बसलेली असते, आणि साडेबारावाली सुखरूप.

बेलग्रेव्ह रोडवरच्या गुजराती लोकांना हे केव्हाचं ठाऊक आहे. १९७२ मध्ये युगांडातून हाकलले गेलेले लोक इथे येऊ लागले तेव्हा लेस्टरच्या नगरपालिकेनं तिकडच्या 'युगांडा आर्गस' या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन सांगितलं होतं, की कृपा करून लेस्टरला येऊ नका. लोक आले, आणि येताना चोघडियाही घेऊन आले. त्यातही दिवसाचे आठ भाग असतात: अमृत, शुभ, लाभ, चल, उद्वेग, रोग, काळ. नावं सात, म्हणून एक परत येतं. मात्र इथला चोघडिया इथल्या सूर्योदयावरून काढायचा असतो. आपण मराठी लोक इथे संख्येनं थोडे आणि उशिरा आलेले. आपलं पंचांग अजून बहुधा फोनवर पुण्याहून येतं.

आता सहकाऱ्याचा निबंध. २०११ साली प्रसिद्ध झालेला, इस्रायलमधल्या पॅरोलच्या निकालांवरचा. आठ न्यायाधीश, अकराशेच्या वर निकाल. सत्राच्या सुरुवातीला सुमारे ६५ टक्के अर्ज मंजूर होत, सुट्टी जवळ येईल तसं ते प्रमाण जवळपास शून्यावर येई, आणि खाऊनपिऊन परतल्यावर पुन्हा ६५. जगभर गाजलेलं संशोधन आहे. मुलाखतीची वेळ निवडण्याबद्दल कुणी चार ओळी लिहिल्या की त्यात हे येतंच. पण त्याच वर्षी दुसऱ्या दोन संशोधकांनी विचारलं, की कैद्यांचा क्रम लावतं कोण? तेव्हा कळलं की क्रम काही चिठ्ठ्या टाकून ठरत नव्हता. ज्यांना वकील नव्हता, त्यांची प्रकरणं बहुतेकदा सत्राच्या शेवटी घेतली जात, आणि वकील नसलेल्याचा अर्ज एरवीही फेटाळला जाण्याची शक्यता जास्तच. म्हणजे वाईट वेळेमुळे माणसं हरत होती असं म्हणण्यापेक्षा, हरण्याची शक्यता असलेल्यांनाच ती वेळ दिली जात होती असं म्हणणं अधिक बरोबर. सगळा परिणाम एवढ्यानं उडून जात नाही, असं मूळ लेखकांचं म्हणणं होतं. ते असो. मी इतिहासवाली, माझं लक्ष भुकेपेक्षा त्या क्रम लावणाऱ्याकडे गेलं.

'मुलाखत' हा आपला शब्द फारसीतून आलेला, आणि नोकरीशी त्याचा संबंध अगदी अलीकडचा. जुन्या कागदांत मुलाखत म्हणजे भेट: दोन सरदारांची, वकिलाची आणि राजाची. अशा भेटींची बोलणी महिनोन् महिने चालत, आणि घोळ बहुतेक जागा, वेळ आणि सोबतची माणसं यांवरच असे. शिवाजी महाराजांच्या आयुष्यातल्या दोन मुलाखती या दृष्टीनं शेजारी ठेवून पाहाव्यात.

पहिली आपल्या सगळ्यांना पाठ आहे. गुरुवार, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, शके १५८१, म्हणजे १० नोव्हेंबर १६५९. अफजलखानाचा मुक्काम वाईला होता आणि महाराजांनी तिथे यावं अशी त्याची इच्छा होती. पंताजी गोपीनाथ आणि कृष्णाजी भास्कर यांच्या येण्याजाण्यातून शेवटी ठरलं ते उलटंच: खानानंच जावळीच्या रानात उतरायचं, भेट प्रतापगडाच्या पायथ्याशी, महाराजांनी उभारलेल्या मंडपात. आम्हाला खानाची भीती वाटते, वाईला यायचं धाडस होत नाही, असं सांगून हे साधलं. शाळेत आपण ही गोष्ट वाघनखांसाठी ऐकतो. मला मात्र वाटतं, वाघनखं ही शेवटच्या काही क्षणांची गोष्ट. खान घाट उतरला तेव्हाच तो दुसऱ्याच्या वेळापत्रकात शिरला होता. फौज कुठे थांबेल, बरोबर किती माणसं येतील, तोफेचा आवाज झाला की रानातून कोण निघेल, हे सगळं एकाच बाजूनं ठरवलेलं होतं.

दुसरी मुलाखत साडेसहा वर्षांनंतरची, आग्र्याची. इथे वेळ महाराजांची नव्हती. पुरंदरच्या तहानंतर मिर्झाराजे जयसिंगांच्या शब्दावर ते ५ मार्च १६६६ रोजी राजगडावरून निघाले. दरबारात हजर व्हायचा दिवस होता १२ मे, औरंगजेबाच्या चांद्र वाढदिवसाचा. कुणाला वाटेल, यापेक्षा चांगला मुहूर्त कोणता? बादशहा खुशीत, सगळा दरबार भरलेला, मानाची वस्त्रं वाटली जाणार. पण सणाच्या दिवशी यजमानाला शंभर कामं असतात आणि पाहुणा त्या शंभरांतला एक होतो.

त्या दिवशी काय घडलं हे बखरींपेक्षा नेमकं आपल्याला कळतं ते आमेरच्या पदरी असलेल्या परकालदासानं कल्याणदासाला लिहिलेल्या राजस्थानी पत्रांतून. यदुनाथ सरकार आणि रघुबीर सिंह यांनी ती प्रकाशात आणली. वाचताना आधी नजरेत भरतो तो गोंधळ. रिवाजाप्रमाणे मोठ्या पाहुण्याला आणायला सरदारानं एक मजल पुढे जायचं. ते काम जयसिंगांचा मुलगा रामसिंग याच्याकडे होतं. पण नेमकी त्याच दिवशी राजवाड्याभोवतीच्या पहाऱ्याची पाळी रामसिंगाची होती. त्यानं आपल्या मुन्शीला, गिरधरलालला, पुढे पाठवलं. पाळी संपवून स्वतः निघाला तेव्हा मुन्शी महाराजांना घेऊन एका बागेच्या रस्त्यानं येत होता आणि रामसिंग दुसऱ्या बागेच्या रस्त्यानं जात होता. चुकामूक झाली. माणसं धाववून एकाला परत फिरवलं आणि नूरगंज बागेजवळ दोघांची गाठ पडली. तोवर औरंगजेब दिवाण-ए-आममधून उठून दिवाण-ए-खासमध्ये गेला होता.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे. नजर-निसार झाले, बादशहा एक शब्द बोलला नाही, महाराजांना पाचहजारी मनसबदारांच्या रांगेत नेऊन उभं केलं गेलं, आणि दरबार त्यांना विसरून पुढे चालू लागला. वाढदिवसाचे विडे वाटले गेले. मग खिलतीची वस्त्रं: शहजाद्यांना, वजीर जाफरखानाला, जसवंतसिंगाला. तिथे महाराजांचा संताप उसळला. हा अपमान ठरवून केलेला होता की नाही यावर इतिहासकार वाद घालत आले आहेत. मला त्या वादात अर्धा भाग पहाऱ्याच्या पाळीचा वाटतो. कुणी पाळी बदलून दिली नाही, कुणी दिवाण-ए-आममध्ये थोडा वेळ थांबलं नाही. एवढी तसदी घ्यावी असा हा पाहुणा आहे, असं दरबारात कुणाला वाटलं नव्हतं. अपमान करायला दर वेळी हेतू लागतोच असं नाही. त्यानंतर १७ ऑगस्टला महाराज आग्र्याहून निसटले, आणि त्या वेळेची निवड मात्र सर्वस्वी त्यांची होती.

१६७४ मध्ये इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडाला आला तेव्हा पारडं फिरलेलं दिसतं. महाराज भवानीच्या दर्शनाला प्रतापगडावर गेले होते. कंपनीच्या वकिलाला त्यांच्या परतण्याची वाट पाहत बसावं लागलं. पुढे ६ जूनला, गागाभट्टांनी काढलेल्या पहाटेच्या मुहूर्तावर राज्याभिषेक झाला, आणि त्या सकाळी ऑक्झेंडन नजराण्याची हिऱ्याची अंगठी घेऊन दरबारात हजर होता. गंमत अशी की मुहूर्तावरून तिथेही वाद झालाच. तांत्रिक निश्चलपुरीनं गागाभट्टांचा विधी सदोष ठरवला, आणि सप्टेंबरात महाराजांनी दुसरा अभिषेक करून घेतला.

तिसरी मुलाखत आपल्या काळाच्या जवळची. ६ ऑगस्ट १९३१ला गांधीजींनी मुंबईहून डॉ. आंबेडकरांना चिठ्ठी पाठवली: आज रात्री आठला आपल्याला वेळ असेल तर मी येतो. ही चिठ्ठी मला आवडते. वेळ सुचवली आहे, पण सवड विचारली आहे, आणि स्वतः जायची तयारी आहे. बाबासाहेबांनी कळवलं की मीच येतो. पण त्यांना ताप भरला आणि भेट लांबली. शेवटी १४ ऑगस्टला दुपारी दोन वाजता मणिभवनात भेट ठरली. दुसऱ्याच दिवशी बाबासाहेब दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी 'मुलतान' बोटीनं निघणार होते. म्हणजे त्यांच्या बाजूनं ही शेवटची दुपार. (त्या काळी मुंबईत 'दोन वाजता' एवढं म्हणणं पुरेसं नसे. १९०६ पासून देशाची प्रमाणवेळ होती, पण शहराचा जुना 'बॉम्बे टाइम' तिच्या ३९ मिनिटं मागे, १९५५ पर्यंत चालू राहिला.) चरित्रकार धनंजय कीर सांगतात, बाबासाहेब पोचले तेव्हा गांधीजी फळं खात आपल्या मंडळींशी बोलत होते आणि काही वेळ तसेच बोलत राहिले. आमंत्रण देताना घेतलेली काळजी त्या काही मिनिटांत वाया गेली. बोलणं कडवट झालं आणि दोघं सहमत न होता उठले.

वर्षभरानं दोघं पुन्हा समोरासमोर आले ते येरवड्याच्या तुरुंगात. गांधीजींनी २० सप्टेंबर १९३२ला दुपारी बाराला उपोषण सुरू केलं होतं. २२ तारखेला बाबासाहेब भेटले तेव्हा ते आवारात आंब्याच्या झाडाखाली लोखंडी खाटेवर पडलेले होते. आता वेळ ठरवायला चिठ्ठ्यांची गरज नव्हती. एका माणसाचं शरीर खंगत चाललं होतं, सगळा देश त्याच्या प्रकृतीची बातमी तासातासाला विचारत होता, आणि वाटाघाटींना जो काही अवधी होता तो त्या शरीरात उरलेल्या ताकदीएवढाच होता. बाबासाहेबांना अभ्यासाला, सहकाऱ्यांशी बोलायला, नकार द्यायलाही त्यातूनच वेळ काढायचा होता. तरी त्यांनी घाई न करता आकड्यांवर घासाघीस केली. ब्रिटिश सरकारच्या निवाड्यात प्रांतिक कायदेमंडळांत अस्पृश्यांना ७१ जागा होत्या, पण स्वतंत्र मतदारसंघांसह. करारात जागा १४८ झाल्या आणि स्वतंत्र मतदारसंघ गेले. २४ सप्टेंबरला, शनिवारी संध्याकाळी, सह्या झाल्या.