सिंगापूर–न्यूयॉर्क : हवाई अंतर व प्रवासाचा वेळ

सिंगापूरचा चांगी आणि न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी या विमानतळांमधील सर्वांत कमी अंतर सुमारे १५,३४९ किमी. आहे. ते विनाथांबा कापणारी सिंगापूर एअरलाइन्सची सेवा नियमित प्रवासी उड्डाणांत जगातील सर्वांत लांब पल्ल्याची मानली जाते. वेळ साधारण साडेअठरा ते एकोणीस तास.

सिंगापूर १०४° पूर्व आणि न्यूयॉर्क ७४° पश्चिम रेखांशाजवळ असल्याने दोन्ही शहरे जवळजवळ समोरासमोरच्या रेखावृत्तांवर येतात. म्हणून सर्वांत जवळची वाट थेट उत्तर ध्रुवाजवळून जाते. सिंगापूर ते ध्रुव ८८.६ अंश, ध्रुव ते न्यूयॉर्क ४९.४ अंश, मिळून १३८. अंशाला १११.२ किमी. धरले की वरचा आकडा जवळपास जुळतो. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून ही वाट सापडत नाही. पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहावा.

प्रत्यक्षात विमान सहसा या वाटेने जात नाही. मध्य अक्षांशांवर सुमारे दहा किमी. उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट प्रवाह हिवाळ्यात ताशी २०० किमी.चाही वेग ओलांडतात. हा वारा पाठीशी घेण्यासाठी सिंगापूरहून निघालेले विमान बहुधा जपानच्या बाजूने पॅसिफिक महासागर ओलांडते, तर परतीचे विमान अनेकदा अटलांटिक व युरोपवरून येते. म्हणजे जातानाही पूर्वेकडे आणि येतानाही पूर्वेकडेच! अशा एका फेरीत पृथ्वीप्रदक्षिणाच घडते. किलोमीटर वाढतात, पण वेळ व इंधन वाचते. त्यामुळे अंतराला ताशी वेगाने भागून काढलेला वेळ अशा मार्गांवर फसवा ठरतो.

घड्याळाचा हिशेब वेगळा. न्यूयॉर्क हिवाळ्यात सिंगापूरच्या १३ तास व उन्हाळ्यात १२ तास मागे असते. उन्हाळ्यात दुपारी बाराला सिंगापूर सोडून साडेअठरा तास उडालेला प्रवासी त्याच तारखेला संध्याकाळी साडेसहाला उतरतो. उलट, न्यूयॉर्कहून रात्री साडेदहाला निघालेल्याला सिंगापुरात तिसऱ्या तारखेची पहाट दिसते. मधली तारीख सगळी हवेतच सरते.

ही सेवा २००४ मध्ये न्यूयॉर्कनजीकच्या नेवार्क विमानतळावरून चार इंजिनांच्या एअरबस ए३४०-५०० विमानांनी सुरू झाली. इंधनाचा खर्च न परवडल्याने २०१३ मध्ये ती थांबली. खरी अडचण अंतराची नव्हे, इंधन वाहून नेण्यासाठी जळणाऱ्या इंधनाची असते. दोन इंजिनांच्या ए३५०-९००यूएलआरमुळे २०१८ मध्ये ती पुन्हा परवडू लागली. केनेडी विमानतळावरून उड्डाणे २०२० पासून होतात. या विमानात १,६५,००० लिटर इंधन मावते. टाक्या काठोकाठ भरल्यास त्याचेच वजन सुमारे १३० टन, म्हणजे उड्डाणाच्या कमाल वजनाच्या जवळजवळ निम्मे होते. म्हणूनच आसने फक्त १६१ असून साधा इकॉनॉमी वर्ग ठेवलेलाच नाही.